‘पडले’ असं सांगणाऱ्या बाईसाठी

मुंबईतल्या कुठल्याही महापालिका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री उशिरा उभं राहिलं, तर काही वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर येतात. बाथरूममध्ये पाय घसरला. जिन्यावरून पडले. कपाटाचं दार लागलं. स्टोव्हचा भडका उडाला. खोकल्याचं औषध समजून चुकून दुसरीच बाटली तोंडाला लावली. डॉक्टर टाके घालतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात, केसपेपरवर ‘पडल्यामुळे जखम’ एवढं लिहितात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. ज्या घरात तिचा हात मोडला, त्याच घरी बाई परत जाते.

वांद्रे पश्चिमेला महापालिकेचं खुर्शेदजी बेहरामजी भाभा रुग्णालय आहे. लोकांच्या तोंडी नुसतं ‘भाभा’. २००० साली तिथे ‘दिलासा’ नावाचा एक छोटा विभाग सुरू झाला. मुंबई महापालिका आणि आरोग्याच्या प्रश्नांवर संशोधन करणारी ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून तो उभा केला. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी सार्वजनिक रुग्णालयाच्या आत, रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून केंद्र चालवण्याचा हा देशातला पहिला प्रयत्न. हाडांची ओपीडी असते, कान-नाक-घशाची असते, तशीच ही एक. या ओपीडीच्या वाटचालीतून मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की कोर्टात पुढे जे काही होतं त्याचा पहिला कागद बहुतेक वेळा कॅज्युअल्टीत लिहिलेला असतो, किंवा तिथेच लिहायचा राहून गेलेला असतो.

हे केंद्र रुग्णालयातच का काढायचं, याचं उत्तर बाईच्या रोजच्या येण्याजाण्यात आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढायची तर आधी मनाशी कितीतरी लढायचं असतं. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून पाठवणी झालेली असते. मार खाऊन माहेरी गेलं तर ‘भांड्याला भांडं लागायचंच’ हे ऐकवायला आईच पुढे असते. चाळीत ठाण्याचा हवालदार दारात आला, तर अब्रू गेली ती तिचीच. रुग्णालयात मात्र ती कुणालाही न विचारता जाऊ शकते. मुलाला ताप आहे, तिसरा महिना आहे, पाठ धरली आहे, झोप लागत नाही. सासूही अडवत नाही, नवराही फारसं विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के होतं. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागणाऱ्या १४ टक्के, त्याही बहुतेक माहेरच्या माणसांकडे जाणाऱ्या. पोलीस, वकील, डॉक्टर यांच्यापर्यंत पोचणाऱ्या फारच थोड्या. आणि तरी याच स्त्रिया वर्षातून कितीतरी वेळा कुठल्या ना कुठल्या डॉक्टरसमोर बसलेल्या असतात.

‘दिलासा’ काही ओसाड माळावर उगवला नाही. पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या मथुरा खटल्यानंतर पेटून उठलेली मुंबई-पुण्याची स्त्री चळवळ, स्त्री मुक्ती संघटनेची ‘मुलगी झाली हो’सारखी नाटकं, हुंडाबळींविरुद्धचे मोर्चे हे सगळं आधी होऊन गेलं होतं. १९८३ च्या अखेरीला भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आलं आणि नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. खाकी वर्दीच्या गराड्यात प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ते बसू लागले. पुढे राज्य सरकारने तो कार्यक्रम आपला मानला आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. या कक्षाला मी ‘दिलासा’ची थोरली बहीण मानते. बाहेरच्या संस्थेने सरकारी यंत्रणेच्या पोटात शिरून काम करायचं, यंत्रणेला शिव्या घालत दारात उभं राहायचं नाही, ही रीत तिने घालून दिली.

आरोग्याच्या बाजूनेही वारं फिरत होतं. १९९६ साली जागतिक आरोग्य सभेने हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा ठराव केला. त्याआधी मलेशियात क्वालालंपूरच्या मोठ्या रुग्णालयात मारहाण आणि बलात्कार सोसलेल्या स्त्रियांसाठी एकाच ठिकाणी उपचार, समुपदेशन आणि पोलिसांची मदत देणारं केंद्र सुरू झालं होतं. ‘सेहत’ १९९४ पासून मुंबईत काम करत होती. गर्भलिंगनिदान विरोधी कायद्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या तीन अर्जदारांपैकी ती एक. दुसरी ‘मासूम’ ही संस्था आणि तिसरे कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज. डॉक्टरांच्या पेशाला त्याच्या जबाबदारीची आठवण करून देणं हे या संस्थेच्या अंगातच होतं.

पण जबाबदारीची आठवण करून देणं वेगळं आणि सकाळी आठ ते दुपारी दोनपर्यंत शेकडो पेशंट तपासणाऱ्या माणसाला तयार करणं वेगळं. रुग्णालयातल्या प्रत्येकाकडे आपापलं कारण असतं आणि ती कारणं खोटीही नसतात. डॉक्टर म्हणतात, आम्ही जखम बघायची, संसार कसा बघणार? सिस्टर म्हणतात, एका पाळीत इतके बेड सांभाळायचे, त्यात विचारपूस कधी करायची? कुणी म्हणतं, विचारलं आणि उद्या साक्षीला कोर्टात बोलावलं तर? ‘घरचा मामला’ या दोन शब्दांत तर सगळेच अंग काढून घेतात. आणि प्रशिक्षणाला बसलेल्यांतही घरी हेच सोसणाऱ्या असतातच. वर्दी पांढरी असली म्हणून घर वेगळं होत नाही.

‘दिलासा’ने यावर काढलेला उपाय साधा आणि टिकाऊ ठरला. बाहेरच्या तज्ज्ञांनी येऊन व्याख्यानं झोडायची नाहीत. रुग्णालयातल्याच डॉक्टर-परिचारिकांमधून प्रशिक्षकांचा गट तयार करायचा आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिकवायचं. सिस्टरने सिस्टरला सांगितलं की ते पटतं. त्यात वॉर्डबॉय आणि आयाबाईही महत्त्वाच्या. बाई डॉक्टरला जे सांगत नाही ते ड्रेसिंगच्या वेळी मावशींना सांगते. महापालिकेच्या समाज विकास अधिकाऱ्यांनाही समुपदेशनाचं शिक्षण मिळालं. आजवरच्या अशा अनेक चांगल्या योजना प्रकल्पाचा निधी संपला की गुंडाळल्या गेल्या. ही टिकली, याचं मोठं श्रेय मी या घरच्या माणसांना देते.

प्रशिक्षणात शिकवतात ती लक्षणं कुठल्याही ओपीडीत दिसणारीच. जखम आज दुपारची म्हणते, पण वळ हिरवट-पिवळा पडलेला, म्हणजे काही दिवसांचा जुना. मार अशा जागी की पदराने, ब्लाउजने झाकला जावा. पडताना माणूस हात पुढे टेकतो. इथे तळहात स्वच्छ आणि पाठीवर, मानेमागे घाव. प्रश्न तिला विचारला की उत्तर सोबत आलेला नवरा देतो. वारंवार गर्भपात, पुन्हा पुन्हा होणारे लैंगिक संसर्ग, औषधाने न थांबणारी डोकेदुखी, कुठल्याच तपासणीत काही न सापडणारी छातीतली धडधड. यातलं एखादं लक्षण दुसऱ्या कारणानेही असू शकतं. म्हणूनच विचारायचं असतं, आणि सोबतच्या माणसाला केसपेपर आणायला किंवा औषधांच्या रांगेत पाठवून एकटीला विचारायचं असतं. ‘घरी कुणी मारतं का?’ हा प्रश्न आवाज न चढवता, मान खाली न घालता विचारायला शिकावं लागतं. बरेचदा पहिल्या खेपेला उत्तर ‘नाही’ असंच येतं. तिसऱ्या खेपेला ती स्वतःच ‘दिलासा’ची वाट धरते.

समुपदेशकाच्या खोलीत काय होतं, याबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत. आपल्याकडे समुपदेशन म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून समजूत काढायची आणि ‘थोडं तूही जमवून घे’ म्हणून तिला परत पाठवायचं, असंच अनेक ठिकाणी चालतं. समुपदेशनाच्या नावाखाली चालणारी ही तडजोड बाईला जास्त धोक्यात टाकते, असं माझं ठाम मत आहे. ‘दिलासा’ने सुरुवातीपासून वेगळी भूमिका घेतली. मारलं त्याची जबाबदारी मारणाऱ्याची. जेवणात मीठ कमी होतं म्हणून नाही, मुलगी झाली म्हणून नाही, तिने उलट उत्तर दिलं म्हणूनही नाही. हे कुणीतरी आपल्या तोंडावर म्हणेल, ही कल्पनाच कित्येक स्त्रियांना नवी असते. मग पुढचा निर्णय तिचा. तिला त्याच घरात राहायचं असेल तर ते सुरक्षित कसं करायचं, निघायचं असेल तर कसं निघायचं, तक्रार करायची असेल तर कुठे.

सुरक्षिततेचं हे बोलणं अगदी व्यवहाराचं असतं. रेशनकार्ड, आधार, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक यांच्या झेरॉक्स माहेरी किंवा शेजारणीकडे ठेवून द्यायच्या. थोडे पैसे वेगळे. मारहाण स्वयंपाकघरात होत असेल, तर भांडण पेटलं की तिथून बाहेर पडायचं, कारण तिथे सुरी आहे, गॅस आहे. आरडाओरडा ऐकून धावून येईल अशी एक शेजारीण आधीच हेरून ठेवायची आणि मुलांना तिच्या दाराची खूण सांगून ठेवायची. त्या रात्री घरी जाणं जिवावर बेतणारं असेल, तर रुग्णालयातच एखाद-दुसरा दिवस देखरेखीखाली दाखल करून घेण्याची सोय ‘दिलासा’ने करून घेतली. निवारागृहाचा विचार दुसऱ्या दिवशी शांतपणे होऊ शकतो.

सुरुवातीच्या वर्षांत हातात कायद्याची हत्यारं थोडी होती, हे आज विसरायला होतं. ४९८-अ होतं. फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी होती. तिच्यावरची दरमहा कमाल रकमेची मर्यादा २००१ मध्ये उठली. घटस्फोट होता. पण समोर बसलेली बाई यातलं काहीच मागत नसे. नवऱ्याला जेलमध्ये घाला, असं क्वचितच कुणी म्हणतं. तो आत गेला तर घर कोण चालवणार आणि बाहेर आला तर काय करील? तिचं म्हणणं सरळ असे: मारणं थांबवा, मला घराबाहेर काढू नका, मुलं माझ्यापासून तोडू नका, घरखर्चाला पैसे मिळू द्या. या चार मागण्यांना एकत्र उत्तर देणारा कायदाच देशात नव्हता.

तो २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा. त्याचं वेगळेपण ‘हिंसा’ कशाला म्हणायचं इथूनच सुरू होतं. मारहाण तर आलीच, शिवाय लैंगिक जबरदस्ती, शिव्या आणि मानहानी, पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं, स्त्रीधन विकून टाकणं हेही त्यात आलं. लग्नातल्या बलात्काराला आपला फौजदारी कायदा आजही सरसकट गुन्हा मानत नाही. या कायद्यात मात्र नवऱ्याची लैंगिक जबरदस्ती ही हिंसा आहे. संरक्षण फक्त बायकोला नाही. आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नासारख्या नात्याने एकत्र राहणारी स्त्री, या सगळ्या अर्ज करू शकतात. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे करायचा. तो ती स्वतः करू शकते किंवा या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी तिच्या वतीने करू शकतो, आणि सासर कुठेही असलं तरी ती सध्या जिथे आसऱ्याला आहे तिथल्या कोर्टात. दंडाधिकारी मारहाण थांबवण्याचा, तिला घरात राहू देण्याचा, खर्चाचा, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा, भरपाईचा आदेश देऊ शकतात. गरज पडल्यास समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधी अंतरिम आदेशही. एरवी हा मामला दिवाणी स्वरूपाचा, पण संरक्षणाचा आदेश मोडला की तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वकिलाची फी परवडत नाही म्हणून मागे फिरायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

रुग्णालयांसाठी या कायद्याच्या नियमांत एक तरतूद आहे, ती मला सोन्याच्या मोलाची वाटते. २००६ च्या नियमांतला नियम १७. बाईने आधी कुठे घटनेची नोंद केलेली नाही, एवढ्या कारणावरून कुठल्याही वैद्यकीय केंद्राने तिला मदत नाकारायची नाही. घरगुती घटनेचा अहवाल झालेला नसेल तर तो केंद्राच्या प्रमुखानेच भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तिला विनामूल्य द्यायची. सहा वर्षं ‘दिलासा’ जे काम स्वतःच्या हिमतीवर करत होता, ते आता देशातल्या रुग्णालयांचं कर्तव्य ठरलं. किती रुग्णालयप्रमुखांनी हा नियम उघडून वाचला असेल, हा प्रश्न वेगळा.

आता त्या केसपेपरकडे येते. जखम भरते, वळ जातो, हाड सांधतं. अर्ज मात्र कधी वर्षाने होतो, कधी पाच वर्षांनी, सहनशक्ती संपल्यावर. कोर्ट तेव्हा पुरावा मागतं. डॉक्टरने ‘पडल्यामुळे जखम’ लिहिलं असेल, तर सासरचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. ‘नवऱ्याने लाकडी दांड्याने मारल्याचे सांगते’ असं तिच्याच शब्दांत लिहिलं असेल, शरीराच्या आकृतीवर जागा दाखवली असेल, वळाची लांबी-रुंदी, रंग आणि तारीख-वेळ नोंदली असेल, तर तो कागद तिच्या बाजूने बोलतो. डॉक्टरने न्यायाधीश व्हायची गरज नसते. ती काय म्हणाली आणि मला काय दिसलं, एवढंच प्रामाणिकपणे लिहायचं असतं. मेडिकोलीगल नोंद म्हणजे एमएलसी झाली की पोलिसांना कळवलं जातं. पण आज तक्रार नोंदवायची की नाही, हे तिने ठरवायचं. तिला हे आधी समजावून सांगणं हे समुपदेशकाचं पहिल्या भेटीतलं काम.

पोलीस ठाण्याचाही एक कागद असतो आणि त्याच्यावर बायकांचा भाबडा विश्वास असतो. ‘मी एनसी केली आहे’ असं त्या सांगतात. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत, म्हणजे नवऱ्याला ठाण्यात बोलावून दम भरण्यापलीकडे बहुतेक वेळा काहीच होत नाही. छळाच्या कलमाचा गुन्हा मात्र दखलपात्र आहे, त्यात एफआयआर व्हायला हवा. हा फरक कळल्याशिवाय कित्येकजणी एनसीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा जपून बसतात. तो गठ्ठाही फेकायचा नाही, कारण तारखांची साखळी दाखवायला कोर्टात तो उपयोगी पडतो.

विष प्यायलेल्या बायकांचं दुखणं तर फार खोल होतं. फिनेल, ढेकणाचं औषध, झोपेच्या गोळ्या. आत्महत्येचा प्रयत्न हा दंड संहितेच्या कलम ३०९ प्रमाणे गुन्हा, म्हणून घरचे ‘चुकून प्यायली’ म्हणत, तीही तेच म्हणे आणि केसपेपरवर तेच चढे. पोट धुऊन, दोन दिवस सलाईन लावून तिला त्याच दाराशी सोडलं जाई. ‘दिलासा’च्या कामातून हे पुढे आलं, की या बेडपाशी जाऊन बसलंच पाहिजे, कारण बाटलीपर्यंत तिला नेणारी वाट पुष्कळदा नवऱ्याच्या हातातून गेलेली असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असं गृहीत धरायला सांगितलं आणि शिक्षेची भीती सैल केली. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम तसं राहिलेलंच नाही. तरी वॉर्डात ‘चुकून’ हा शब्द अजून ऐकू येतो. लोकांच्या मनातून कायदा इतक्या लवकर पुसला जात नाही.

घराच्या प्रश्नाने मात्र ‘दिलासा’सारख्या सगळ्याच केंद्रांना फार वर्षं रडवलं. कायदा म्हणत होता, सामायिक घरात राहायचा बाईला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. लागू होऊन दोन महिने होत नाहीत तोच, डिसेंबर २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बत्रा खटल्यात सामायिक घराचा अर्थ आकसून टाकला: घर नवऱ्याच्या मालकीचं किंवा भाड्याचं असेल, अथवा नवरा ज्याचा भागीदार आहे त्या एकत्र कुटुंबाचं असेल, तरच हक्क. मुंबईत याचा परिणाम काय झाला असेल हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. दहा बाय बाराची खोली सासऱ्यांच्या नावावर, चाळीतली जागा सासूच्या पावतीवर. नवऱ्याच्या नावावर काहीच नाही, म्हणून बायकोचाही काही हक्क नाही. तब्बल चौदा वर्षं या निकालाचा आधार घेऊन बायकांना दाराबाहेर ठेवलं गेलं. १५ ऑक्टोबर २०२० ला आहुजा खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो अर्थ चुकीचा ठरवला. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी ती तिथे नांदत होती तर राहण्याचा हक्क मागू शकते. मधल्या चौदा वर्षांत जागा गेली ती गेलीच. निकाल बदलला म्हणून त्या बायकांना कुणी बोलावून चावी दिली नाही.

याच काळात केंद्र वाढत होतं. २००६ मध्ये कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरं केंद्र आलं. वांद्र्याचं केंद्र चालवण्याची जबाबदारी रुग्णालयाने घेतली आणि ‘सेहत’ प्रशिक्षण आणि मार्गदर्शनाच्या भूमिकेत गेली. माझ्या लेखी हा या वाटचालीतला खरा टप्पा, कारण संस्थेने हात सैल केल्यावरही विभाग बंद पडला नाही. केरळमधल्या ‘भूमिका’ केंद्रांनी आणि हरियाणातल्या ‘सुकून’ने हीच वाट धरली. २०१५ च्या सुमारास राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या आणखी ११ रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं निघाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने निर्भया निधीतून हिंसा सोसलेल्या स्त्रियांसाठी ‘सखी’ केंद्रांची योजना आणि १८१ ही हेल्पलाइन आणली. २०२० च्या टाळेबंदीत मारणारा आणि मार खाणारी एकाच खोलीत कोंडले गेले. लोकल बंद, माहेरचा रस्ता बंद. रुग्णालयं तेवढी उघडी होती.

अडचणी संपलेल्या नाहीत, आणि त्या दडवून वाटचाल सांगण्यात अर्थ नाही. अभियानातून नेमलेले समुपदेशक कंत्राटी. वर्षाच्या शेवटी आपली नोकरी राहील का, ही चिंता घेऊन ते दुसऱ्याच्या चिंता ऐकतात. प्रशिक्षित सिस्टरची बदली होते. निवासी डॉक्टर शिकून जातात, नवे येतात आणि प्रशिक्षण पहिल्या धड्यापासून सुरू होतं. कायदा म्हणतो, पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात वर्षं जातात आणि पोटगीचा आदेश हातात असूनही पैसे येत नाहीत. संरक्षण अधिकाऱ्याचं काम अनेक ठिकाणी आधीच कामात बुडालेल्या माणसाच्या गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून मारलं गेलं. नव्या न्याय संहितेत ४९८-अ ची जागा कलम ८५ आणि ८६ ने घेतली आहे, पण बायकांच्या आणि पोलिसांच्याही तोंडी अजून जुना आकडाच आहे. केंद्रांना दोन्ही सांगावे लागतात.

आणि हे सगळं मुख्यतः मुंबईत. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणारी, कोकणात वाडीवर एकटी राहणारी, मेळघाटात दिवसभर चालून आरोग्य केंद्र गाठणारी बाईही ‘पडले’ असंच सांगते. तिच्यासाठी नवी इमारत नको, नवा कायदाही नको. नियम १७ तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयालाही तेवढाच लागू आहे. घरगुती घटनेच्या अहवालाचे कोरे अर्ज बाह्यरुग्ण विभागाच्या टेबलात हवेत, संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर भिंतीवर लावलेला हवा, जखमांच्या नोंदीचं प्रशिक्षण दर नव्या डॉक्टरला रुजू होतानाच मिळायला हवं आणि एका तरी सिस्टरकडे हे काम नावानिशी सोपवलेलं हवं. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या एका परिपत्रकाने यातलं बरंचसं येत्या महिन्यात सुरू होऊ शकतं.